संस्कृती : वारसा आणि विवेक

'संस्कृती' हा शब्द आपण इतक्या वेळा आणि इतक्या निरनिराळ्या प्रसंगी वापरतो की त्याचा नेमका अर्थ काय, असा प्रश्न कोणी केल्यास क्षणभर उत्तर सुचत नाही. गाण्याबजावण्याचा कार्यक्रम असला की तो सांस्कृतिक कार्यक्रम ठरतो. मुलांनी वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार केला की ती आपली संस्कृती असते. आणि शेजाऱ्याचे अन्न, पेहराव अथवा प्रार्थना आपल्याहून वेगळी दिसली की तो आपल्या संस्कृतीबाहेरचा मानला जातो. पहिल्या अर्थी संस्कृती ही करमणूक आहे, दुसऱ्या अर्थी शिस्त आणि तिसऱ्या अर्थी कुंपण. मराठी ख्रिस्ती समाजाला हे कुंपण वेळोवेळी जाणवत आलेले आहे. धर्म बदलला म्हणजे संस्कृतीही बदलली काय, असे आपल्याला इतर लोक विचारतात. कधी कधी आपणही स्वतःला विचारतो.

ह्या प्रश्नाची निव्वळ तात्त्विक चर्चा पुष्कळ झालेली आहे. आपण येथे थोडी निराळी वाट धरू. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला शिरूर आणि दौंड असे दोन तालुके आहेत. सह्याद्रीपासून दूर, पर्जन्यछायेत पडलेला हा मुलूख. शिरूरजवळून वाहणारी घोड नदी पुढे भीमेला मिळते आणि भीमा दौंडकडे जाते. ह्या दोन नद्यांच्या काठी सुमारे साडेतीन हजार वर्षांची मानवी वस्ती आपल्या खुणा ठेवून गेली आहे. त्या खुणांनाच आपण विचारू की, संस्कृती म्हणजे काय?

शब्दाचा प्रवास

तत्पूर्वी शब्दाकडे पाहू. इंग्रजीतील 'कल्चर' हा शब्द ज्या लॅटिन धातूपासून आला, त्याचा मूळ अर्थ जमीन कसणे, मशागत करणे असा आहे. आपला 'संस्कृती' हा शब्द संस्कारापासून आला. नैसर्गिक अवस्थेत जे मिळाले ते शुद्ध करणे, घडवणे, त्याला वळण लावणे, हा त्याचा भाव. शब्द जुना असला तरी 'कल्चर' ह्या आधुनिक कल्पनेसाठी तो रूढ झाला तो अलीकडे, आणि त्यात मराठीचा वाटा आहे. बंगालीत ह्या कल्पनेसाठी 'कृष्टी' हा शब्द वापरात येत होता. रवींद्रनाथ ठाकुरांना तो रुचत नव्हता. भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी यांनी नमूद केले आहे की, १९२२ मध्ये पॅरिस येथे एका मराठी मित्राच्या तोंडून त्यांनी 'संस्कृती' हा शब्द ऐकला, आणि पुढे रवींद्रनाथांनी तो पसंत केला. ज्या शब्दाने आपण आपली वेगळी ओळख सांगतो, तो शब्दसुद्धा असा देवघेवीतून पसरलेला आहे.

मानवशास्त्राने ह्या शब्दाला अधिक व्यापक अर्थ दिला. १८७१ मध्ये एडवर्ड टायलर ह्या इंग्रज अभ्यासकाने संस्कृतीची जी व्याख्या केली, तिचा आशय असा की, ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी आणि समाजाचा घटक म्हणून माणूस जे जे आत्मसात करतो ते सर्व मिळून संस्कृती होते. ह्यातील 'आत्मसात करतो' हे शब्द महत्त्वाचे आहेत. डोळ्यांचा रंग आपल्याला जन्माने मिळतो. भाकरी थापण्याची रीत शिकावी लागते. जे शिकावे लागते ते संस्कृतीचे क्षेत्र होय. इरावतीबाई कर्वे यांनी 'मराठी लोकांची संस्कृती' हा ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध केला. मानवशास्त्राच्या त्या अभ्यासिकेमुळे मराठी वाचकाला ही दृष्टी परिचयाची झाली. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनेही १९६५ मध्ये आधुनिक जगाविषयीच्या आपल्या दस्तऐवजात एक संपूर्ण प्रकरण संस्कृतीला दिले आणि माणसाला खरेखुरे माणूसपण संस्कृतीच्या द्वारेच लाभते, असे प्रतिपादन केले.

तेव्हा संस्कृती रक्तात नसते, ती शिकली जाते, एवढे आपण गृहीत धरू आणि घोडकाठी जाऊ.

इनामगावची माती

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८२ ह्या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तेथील पांढरीच्या टेकाडांचे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ह्या पुरातत्त्ववेत्त्यांची नावे त्या कार्याशी जोडलेली आहेत. एका गावाचे इतके विस्तृत आणि इतकी वर्षे चाललेले उत्खनन आपल्या देशात क्वचितच झाले असेल. शंभराहून अधिक घरांचे अवशेष उघडकीस आले. त्यांतून इ. स. पू. १६०० ते इ. स. पू. ७०० ह्या नऊशे वर्षांतील शेतकऱ्यांचे जीवन आपल्यासमोर उभे राहिले.

पुरातत्त्वात 'संस्कृती' ह्या शब्दाचा वापर काटेकोर असतो. विशिष्ट घाटाची भांडी, विशिष्ट पद्धतीची घरे, हत्यारे आणि दफने एकत्र आढळू लागली की त्या समूहाला एका संस्कृतीचे नाव मिळते. इनामगावचे पहिले रहिवासी माळवा संस्कृतीचे. ही संस्कृती मध्य भारतातून दख्खनमध्ये आली. त्यानंतरची जोर्वे संस्कृती. हे नाव आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरून पडले. जोर्वेच्या भांड्यांची लाल, पक्की भाजलेली अंगे, त्यांवरील काळी नक्षी, तोटीची भांडी, कंगोऱ्याचे वाडगे हे सारे एखाद्या हस्ताक्षरासारखे ओळखू येते. बोटाने टिचकी मारली तर हे खापर खणखणते. ती भांडी घडवणाऱ्या कुंभाराचे नाव आपल्याला ठाऊक नाही, तो कोणती भाषा बोलत होता तेही नाही. परंतु त्याने आपल्या मुलाला चाकावर माती कशी धरावी हे शिकवले, आणि त्या मुलाने आपल्या मुलाला, हे त्या खापरांच्या सारखेपणावरून उघड होते.

हे लोक जव, गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ पिकवीत. गुरे पाळीत. नदीच्या पाण्यासाठी त्यांनी कालवा खणला होता आणि त्याला लागून बांध घातला होता. आज घोडेवर चिंचणी येथे धरण आहे. ह्या नदीचे पाणी वळवून घेण्याची खटपट मात्र तीन हजार वर्षांपूर्वीच सुरू झाली होती. पाणी वळवायचे तर दहा घरांनी एकत्र यावे लागते, कोणाच्या शेताला आधी आणि कोणाच्या नंतर हे ठरवावे लागते, ठरवलेले पाळावे लागते. म्हणजे कालव्याबरोबर काही एक कायदाही आला असला पाहिजे.

ह्या वस्तीतील दफने पाहताना मन अधिक थबकते. लहान मूल वारले की दोन मातीचे रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवीत आणि त्यांत त्याला घराच्याच जमिनीखाली पुरीत. ज्या जमिनीवर आई स्वयंपाक करी, तिच्याखाली तिचे बाळ असे. प्रौढांनाही घरात किंवा अंगणात पुरीत. मात्र पुष्कळदा त्यांचे पाय घोट्यावर तोडलेले असत. मृताने उठून चालू लागू नये, घर सोडून जाऊ नये किंवा भूत होऊन परतू नये अशी काही समजूत त्यामागे असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. वस्तीच्या मध्यभागी पाच दालनांचे एक मोठे घर सापडले. त्याला धान्याचे कोठार होते. त्याच्या अंगणात चार पायांच्या, फुगीर पोटाच्या मोठ्या मातीच्या रांजणात एक प्रौढ माणूस मांडी घालून बसवलेला मिळाला. त्याचे पाय तोडलेले नव्हते. उत्खननकर्त्यांनी त्याला गावचा प्रमुख मानले. कुंभार, चुना भाजणारे आणि इतर कारागीर ह्यांची घरे वस्तीच्या कडेला होती.

येथे संस्कृतीचे दोन चेहरे एकाच वेळी दिसतात. मेलेल्या बाळाला घरापासून दूर न करणारी माया ही संस्कृती आहे. कोठाराजवळच्याला एक मरण आणि कडेच्याला दुसरे मरण, हीसुद्धा संस्कृतीच आहे. आपल्या पूर्वजांचा काळ म्हणजे निर्मळ समतेचा काळ, असे समजणाऱ्यांनी इनामगावचा नकाशा एकदा पाहावा.

इ. स. पू. १००० नंतर चित्र बदलले. उत्खननकर्त्यांच्या मते पाऊस कमी झाला. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. शेती आखडली, गाईबैलांपेक्षा शेळ्यामेंढ्यांवर आणि शिकारीवर भर वाढला. भांड्यांचा घाट तोच राहिला, पण हात ढिला पडला. इ. स. पू. ७०० च्या सुमारास गाव ओस झाले. संस्कृती अमर असते, असे आपण भाषणांत म्हणतो. इनामगाव सांगते की, पाणी आटले, कोठार रिते झाले आणि शिकवणारा शिकणाऱ्यापासून दुरावला, की नऊशे वर्षांची रीतसुद्धा संपते.

एक कबर आणि एक स्तंभ

इनामगावचे लोक गेले. पुढे हजारो वर्षांत ह्या मुलखात दुसरे आले, राहिले, लढले. त्या दीर्घ इतिहासातून आपण एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या दोन खुणा घेऊ, कारण वस्तू तीच राहून तिचा अर्थ कसा बदलतो हे त्या स्पष्ट दाखवतात.

शिरूर हे तेव्हा इंग्रजांच्या फौजेचे ठाणे होते. तेथील कर्नल विल्यम वॉलेस १८०९ मध्ये मरण पावला आणि त्याला तेथेच पुरले. पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे की, आसपासच्या गावांतील हिंदू लोक ह्या इंग्रजाला 'सत्पुरुष' म्हणत आणि सुगीच्या वेळी नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या कबरीवर ठेवीत. तो परदेशी होता, परधर्मी होता, कंपनी सरकारचा अधिकारी होता. कबर बांधणाऱ्यांना ती एका सेनाधिकाऱ्याची स्मृती वाटत होती. शेतकऱ्याने मात्र त्याला आपल्या परिचयाच्या चौकटीत बसवले, आणि आपल्या मुलखात देह ठेवलेल्या सज्जनाला जे द्यायचे ते त्याला दिले. परके आपले कसे होते, ह्याचे हे उदाहरण आहे. त्यासाठी कोणी ठराव केला नव्हता.

दुसरी खूण अधिक गंभीर आहे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन ह्याच्या हाताखालील कंपनीची एक तुकडी शिरूरहून पुण्याकडे निघाली. १ जानेवारी १८१८ रोजी भीमेच्या काठी कोरेगाव येथे दुसऱ्या बाजीरावाच्या मोठ्या सैन्याशी तिची गाठ पडली. त्या तुकडीत निरनिराळ्या जातींचे व धर्मांचे एतद्देशीय शिपाई होते आणि त्यांत महार शिपायांची संख्या लक्षणीय होती. इंग्रजांनी नदीपलीकडे, आजच्या पेरणे गावाच्या हद्दीत, स्मारकस्तंभ उभारला व त्यावर मृतांची नावे कोरली. उभारणाऱ्यांच्या दृष्टीने तो कंपनीच्या शौर्याचा स्तंभ होता. परंतु त्यावरील नावांत शेवटी 'नाक' हा प्रत्यय असलेली महारांची नावे होती. गावात ज्यांची सावली चालत नव्हती, त्यांची नावे दगडावर सर्वांना वाचता येतील अशी राहिली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले. पुढे तो स्तंभ लक्षावधी माणसांच्या आत्मसन्मानाचे ठिकाण झाला. २०१८ मध्ये, लढाईला दोनशे वर्षे झाली त्या दिवशी, ह्या परिसरात हिंसाचार झाला, हेही आपण विसरता कामा नये. स्मृती कोणाची, तिचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाचा, ह्या प्रश्नावर आजही रक्त सांडते.

कबर काय किंवा स्तंभ काय, दगड हलला नाही, अर्थ हलला. ज्यांनी दगड उभारला त्यांच्या हातात तो अर्थ राहिला नाही. म्हणून आम्हांस असे वाटते की, जतन केलेल्या वस्तूंच्या संचाला संस्कृती म्हणणे पुरेसे नाही. त्या वस्तूंना माणसे जो अर्थ देतात, जो नाकारतात आणि जो नव्याने मिळवतात, तो सारा व्यवहार संस्कृतीत येतो.

केडगावची मुक्ती

आता दौंड तालुक्याकडे वळू. १८५८ मध्ये पुण्याहून दौंडपर्यंत आगगाडी आली आणि १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाल्यावर दौंड मोठे जंक्शन झाले. रेल्वेच्या नोकरीनिमित्त दूरदूरची माणसे येथे येऊन वसली. ह्याच मार्गावर पुणे आणि दौंड ह्यांच्या दरम्यान केडगाव आहे. तेथे पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदन उभारले.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढी मोडून पत्नीला संस्कृत शिकवले, आणि आईने ते रमाबाईंना शिकवले. कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरविले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या आपल्या पंथाच्या नव्हत्या. परंतु प्रस्तुत प्रश्नाला त्यांच्या आयुष्याइतके नेमके उत्तर दुसरीकडे मिळणे कठीण.

बाप्तिस्म्यानंतर इंग्लंडमध्ये असताना क्रुसावरील अक्षरे लॅटिनमध्ये असावीत की संस्कृतमध्ये, असा वाद निघाला. रमाबाईंनी संस्कृतचा आग्रह धरला. लॅटिन ही संस्कृतहून अधिक पवित्र आहे असे मानण्याचे कारण त्यांना दिसत नव्हते. आपला शाकाहार त्यांनी सोडला नाही. ख्रिस्त स्वीकारताना इंग्रजांच्या चालीरीती स्वीकारल्याच पाहिजेत, हे त्यांनी मान्य केले नाही. दुसऱ्या बाजूस, ज्या संस्कृत विद्येचा त्यांना अभिमान होता, त्याच परंपरेच्या नावाने विधवांचे केशवपन होते, मुलींना अक्षरशत्रू ठेवले जाते, हेही त्यांनी १८८७ च्या आपल्या इंग्रजी पुस्तकातून जगाला सांगितले. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले शारदा सदन पुढे पुण्यास आले. मुलींना ख्रिस्ती केले जाते ह्या आक्षेपावरून १८९३ मध्ये मोठे वादळ उठले आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले. संस्कृतीचे रक्षण करतो म्हणणाऱ्यांनी त्यांना बाहेरची ठरवले.

पुढे १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाईंनी मध्य भारतातून उपाशी, निराधार मुलींना आणि बायकांना केडगावला आणले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, शेती, दुग्धशाळा, तेलघाणा, छापखाना ही सारी कामे बायका करू लागल्या. अंध मुलींना बोटांनी वाचायला शिकवले गेले. जातीजातींच्या मुली एका पंगतीत जेवू लागल्या. इनामगाव जेथे पाणी आटल्यावर ओस पडले असावे, त्याच पर्जन्यछायेच्या पट्ट्यात, दुष्काळातूनच एक नवी वस्ती उभी राहिली.

आणि रमाबाईंनी भाषेचे काम केले. बायबलच्या जुन्या मराठी भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द साध्या बाईला कळत नाहीत आणि त्यांतल्या काहींना वेदान्ताचे अर्थ चिकटलेले आहेत, असे त्यांना वाटत होते. म्हणून उतारवयाकडे झुकताना त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या व संपूर्ण बायबल स्वतः मराठीत आणले. संस्कृतची पंडिता साध्या मराठीकडे आली, ती मुक्तीतल्या मुलींसाठी. मुक्तीच्या छापखान्यात मुलींनीच खिळे जुळवले. २४ जुलै १९२१ रोजी मुलगी मनोरमा गेली, तरी मुद्रिते तपासणे थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला, तेव्हा भाषांतर पूर्ण झाले होते.

रमाबाईंनी संस्कृती सोडली काय? त्यांनी तिच्यातील काही सोडले, काही घट्ट धरले आणि काही नवे तिच्यात आणले. परंतु हे तर प्रत्येक जिवंत पिढी करीत असते. त्यांनी ते जाणतेपणी केले आणि त्याची किंमत मोजली, एवढाच फरक. फादर स्टीफन्स यांचे मराठी ओवीत रचलेले 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हाही ह्याच प्रकारची निवड झाली होती.

आपला वाटा

ह्या साक्षींवरून संस्कृतीचे स्वरूप काहीसे उलगडते. ती रक्ताने येत नाही, शिकण्याने येते. म्हणून ती कोणाही शिकणाऱ्याची होऊ शकते. ती देवघेवीतून वाढते. माळव्यातून आलेल्या शेतकऱ्याने आणि केडगावला उतरलेल्या अनाथ मुलीने ह्याच मातीत तिचा वाटा घातला. तिच्यात माया असते तशी विषमताही असते. म्हणून वारसदाराला विवेक करावा लागतो. आणि तिचा सांभाळ केला नाही, तर ती नाहीशी होते.

विवेक म्हटल्यावर तो आपल्या घरापासून सुरू झाला पाहिजे. मराठी ख्रिस्ती समाजाने जुन्या रूढी टाकल्या, असे आपण अभिमानाने म्हणतो. मग लग्न जुळवताना पूर्वीची जात कोठून येते? काही ठिकाणी ती स्मशानाच्या जागेपर्यंत पोचलेली आहे. इनामगावच्या मोठ्या घरातील रांजण आणि कडेच्या घरातील दफन ह्यांतले अंतर आपल्यातही शिल्लक आहे. ती संस्कृती आहे म्हणून जपायची, की तीच टाकायची, हे आपल्याला ठरवावे लागेल.

त्याच वेळी आपल्याकडचे बरेच काही नोंदीवाचून निसटते आहे. उत्तर-पूर्वेच्या गावांतून रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूरच्या कारखान्यांत तरुण येत आहेत, त्यांच्या आईबापांची बोली मागे राहते आहे. आजीच्या ओव्या, नाताळच्या भजनांच्या जुन्या चाली, दुष्काळात कोणत्या वाटेने घर कोठून कोठे आले त्याच्या हकिगती, ह्या गोष्टी पुरातत्त्ववेत्त्याला खापरात सापडणार नाहीत. त्या ऐकून लिहून ठेवणारी माणसे आज हवीत. प्रत्येक धर्मग्रामात दोन-तीन तरुणांनी वही घेऊन वृद्धांकडे बसावे, गोड आठवणींबरोबर भांडणे आणि अन्यायही लिहून घ्यावेत. आपल्या मुलांना कोणता वारसा द्यायचा, ह्याचा निर्णय ती वही समोर असल्यावर अधिक प्रामाणिकपणे घेता येईल.